दुसरी वाट शाबूत आहे काय?

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पसरलेल्या ज्या औद्योगिक पट्ट्यात एके काळी रसायनांचे आणि यंत्रभागांचे कारखाने दाटीने उभे होते, त्याच पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे या भागांत, अलीकडच्या वर्षांत एका निराळ्याच जातीच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांना खिडक्या जवळजवळ नाहीत, चिमण्या नाहीत, मालमोटारींची वर्दळ नाही, आणि पाळी सुटताना फाटकातून लोटणारी कामगारांची गर्दीही नाही. ही डेटा सेंटरे होत. समुद्रतळावरून येणाऱ्या दूरसंचार केबली वर्सोव्यासारख्या किनाऱ्यांवर मुंबईत भूमीला लागतात, मुंबई परिसराची वीज देशातील अन्य शहरांच्या तुलनेने भरवशाची मानली जाते, आणि बँका व शेअरबाजार हे मोठे गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर आहे. या तीन कारणांनी हा धंदा येथे रुजला आणि आता पनवेलपर्यंत पसरला आहे.

अशा इमारतीची वीजव्यवस्था पाहिली, म्हणजे तिच्या चालकांनी वीज जाण्याचा केवढा धसका घेतलेला असतो याची कल्पना येते. बाहेरून येणारा उच्च दाबाचा पुरवठा, तो उतरविणारे ट्रान्सफॉर्मर, पुरवठा खंडित होताच आपोआप सुरू होणारे डिझेल जनरेटर, ते जोर धरीपर्यंतचा अवकाश भरून काढणारे यूपीएस आणि त्यांच्या बॅटऱ्यांनी भरलेल्या खोल्या, असा हा एकामागून एक उभा केलेला बंदोबस्त असतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा पारेषण वाहिन्यांतील बिघाडाचे निमित्त होऊन मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई यांचा पुरवठा काही तास बंद पडला व लोकल गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. हा बंदोबस्त असतो तो अशाच दिवसासाठी. तथापि कोट्यवधी रुपयांचा हा सारा खटाटोप ज्या एका वस्तूच्या मध्यस्थीने अखेर संगणकापर्यंत पोचतो, ती वस्तू दिसावयास अगदीच सामान्य, पुरुषभर उंचीची एक काळी धातूची पट्टी असते. तिचे नाव पॉवर डिस्ट्रिब्यूशन युनिट. तेथील माणसे तिला पीडीयू म्हणतात. ही पट्टी बिघडली असता, तिच्यावर चालणारे एकही यंत्र क्षणभरदेखील बंद न पाडता आणि बदलणाऱ्या माणसाच्या केसालाही धक्का न लागता ती कशी बदलतात, हा या लेखाचा विषय आहे.

डेटा सेंटरमधील यंत्रे रॅकमध्ये बसविलेली असतात. रॅकच्या पुढील पट्टीची रुंदी १९ इंच. हे माप संगणकाहून जुने असून टेलिफोन केंद्रांतील रिले ज्या चौकटींवर बसवीत, तेथून ते वारशाने आले आहे. उंची ‘यू’ या परिमाणात मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच, आणि नेहमीचा रॅक ४२ यूंचा असतो. त्याच्या पाठीमागच्या बाजूस, जेथून यंत्रांचा ऊन वारा बाहेर फेकला जातो त्या अंगास, डावीकडे एक व उजवीकडे एक असे दोन पीडीयू उभे टांगलेले असतात. आपल्या घरी एका प्लगवर चार वस्तू चालविण्यासाठी आपण जो एक्स्टेन्शन बोर्ड वापरतो, त्याचाच हा थोरला भाऊ समजावा; फरक इतकाच की याच्यावर वीस-चोवीस किंवा त्याहूनही अधिक आउटलेट असतात, त्याचा स्वतःचा प्लग ३२ अँपिअरचा, निळ्या रंगाचा आणि मनगटाएवढा जाड असतो, आणि आधुनिक जातीच्या पीडीयूत लहानसा संगणक बसविलेला असून प्रत्येक फेजवर किती वीज वाहत आहे ते तो पडद्यावर दाखवितो व दूरच्या निगराणी कक्षालाही कळवितो. २३० व्होल्ट आणि ३२ अँपिअर म्हणजे सुमारे सव्वासात किलोवॉट. थ्री-फेज असेल तर त्याच्या तिप्पट. चार-पाच घरांना पुरेल एवढी वीज एका पट्टीतून वाहत असते.

ही वस्तू सहसा बिघडत नाही, परंतु कायमचीही नसते. एखाद्या आउटलेटमध्ये प्लग सैल बसलेला असतो, सैल जोडाशी रोध वाढतो, रोधामुळे उष्णता निर्माण होते, उष्णतेने आतील स्प्रिंगची पकड आणखी ढिली पडते, आणि या दुष्टचक्राच्या अखेरीस प्लॅस्टिक पिवळे, मग तपकिरी पडून वितळते. कधी आतील संगणकच मुका होतो आणि वीज वाहत असूनही तिचा हिशेब मिळेनासा होतो. या दुखण्यासाठी सबंध पीडीयू बदलण्याची गरज असतेच असे नाही, कारण काही निर्माते तो मेंदूचा भाग वीज चालू असतानाच वेगळा काढता येईल अशी सोय ठेवतात, आणि दुरुस्तीचा बेत आखणाऱ्याने प्रथम ही सोय आहे काय याची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते. अनेकदा मात्र बिघाड काहीच नसतो. रॅकमध्ये अधिक भुकेली यंत्रे यावयाची असतात आणि जुनी पट्टी त्यांना पुरेशी नसते, एवढेच.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. रॅकमधील दोन पीडीयूंपैकी एकास ए व दुसऱ्यास बी म्हणतात. प्रत्येक महत्त्वाच्या सर्व्हरला पाठीमागे दोन वीजपुरवठे, म्हणजे पॉवर सप्लाय, असतात. एकाची वायर ए पीडीयूत आणि दुसऱ्याची बी पीडीयूत. ए पीडीयूचा उगम एका यूपीएसपासून आणि बी पीडीयूचा दुसऱ्या यूपीएसपासून व्हावा, वाटेतील पॅनेल आणि डोक्यावरून गेलेले बसबार (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) हेही परस्परांहून वेगळे असावेत, असा संकेत असतो. हा संकेत खरोखर पाळला गेला असेल, तर ए बाजू सबंध काढून घेतली तरी सर्व्हरला त्याची वार्ताही लागत नाही. गोम आहे ती या ‘असेल तर’मध्ये. दोन वाटांची ही व्यवस्था आराखड्यात असते, नकाशावर असते, गिऱ्हाइकाशी झालेल्या करारपत्रातही असते. ती प्रत्यक्षात आहे की नाही हे मात्र दोन्ही वाटा चालू असताना कोणालाच दिसत नाही, कारण दोन्ही चालू असता बिनचूक रॅक आणि सदोष रॅक बाहेरून अगदी सारखे दिसतात. म्हणून पीडीयू बदलणे या कामाला जो केवळ स्क्रू काढण्या-लावण्याचे काम समजतो, त्याने हे काम ओळखलेलेच नाही. जी वाट चालू राहणार आहे ती शाबूत आहे काय याची आधी केलेली तहकीकात हेच खरे काम. काढण्या-बसविण्याला त्या मानाने फारच थोडा वेळ लागतो.

या तहकिकातीतील पहिली बाब हिशेबाची आहे आणि ती वरकरणी इतकी सोपी आहे की तिच्यातच माणसे फसतात. सर्व्हर आपला भार दोन्ही पुरवठ्यांवर सामान्यतः निम्मा-निम्मा वाटतो. समजा, ए पीडीयूच्या पडद्यावर २० अँपिअर दिसत आहेत आणि बीच्या पडद्यावरही २०. दोन्ही पीडीयू ३२ अँपिअरचे. पाहणाऱ्यास वाटते, ठीक आहे, बारा-बारा अँपिअर शिल्लक आहेत. परंतु ए बंद होताच त्याचे वीस अँपिअर बीच्या गळ्यात पडणार आणि बी ४० अँपिअरवर जाणार. दोहोंची बेरीज एकाच्या क्षमतेहून अधिक असता कामा नये, किंबहुना दीर्घकाळ वाहणारा भार क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपलीकडे जाऊ न देण्याचा शिरस्ता पाळावयाचा तर बेरीज साडेपंचवीसच्या आत राहावी, म्हणजेच एरव्ही प्रत्येकावर पावणेतेराहून अधिक नसावे. थ्री-फेज पीडीयूत हा हिशेब प्रत्येक फेजचा स्वतंत्र करावा लागतो, आणि पीडीयूच्या अंगावरच सोळा-सोळा अँपिअरचे लहान ब्रेकर असतील तर त्या प्रत्येक गटाचाही.

येथे आणखी एक कपट दडलेले आहे. ३२ अँपिअरच्या एमसीबीवर, म्हणजे लहान ब्रेकरवर, ४० अँपिअर पडले म्हणून तो तत्क्षणी तुटत नाही. त्याच्या पोटात दोन धातूंची एक पट्टी असते. ती भाराने तापून वाकते आणि वाकली की खटका सुटतो, व या वाकण्यास वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असा ब्रेकर आपल्या क्षमतेच्या १.१३ पट भारावर तासभर तुटता कामा नये आणि १.४५ पट भारावर तासाच्या आत तुटलाच पाहिजे. आपले ४० अँपिअर या दोहोंच्या मधोमध येतात. परिणाम असा की तंत्रज्ञ ए बाजू बंद करतो, सारे सर्व्हर चालू असलेले पाहून निर्धास्त होतो, जुना पीडीयू उतरवून जमिनीवर ठेवतो, आणि नवा हातात घेतो न घेतो तोच, वीस-पंचवीस मिनिटांनी, बीचा ब्रेकर पडून सबंध रॅक काळोखात जातो. बंद करताना काही झाले नाही, याचा अर्थ काही होणार नाही असा होत नाही. रॅकच्या मागची हवा चाळीस अंशांच्या आसपास तापलेली असेल आणि ब्रेकरही त्याच उष्णतेत असेल, तर तो आपली ही मुदतदेखील पुरी करीत नाही.

दुसरी बाब वायरींच्या मागाची. प्रत्येक यंत्राच्या मागून निघालेली वायर हाताने चाचपत तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागते, आणि लेबलावर विसंबून चालत नाही. लेबल हे ज्या दिवशी चिकटविले त्या दिवसापुरतेच सत्य असते, त्यानंतर किती हातांनी त्या रॅकमध्ये काय फिरविले याचा पुरावा त्यात नसतो. असा माग काढताना ज्या गोष्टी उघडकीस येतात त्यांत सर्वांत वारंवार आढळणारी ही, की एकाच सर्व्हरच्या दोन्ही वायरी एकाच पीडीयूत खोचलेल्या आहेत. घाईच्या वेळी कोणास दुसरी वायर तोकडी पडलेली असते, म्हणून ती जवळच्या पट्टीत लावली जाते. सर्व्हर दोन्ही दिवे हिरवे दाखवितो आणि वर्षानुवर्षे कोणास संशय येत नाही. काही सर्व्हर विजेची बचत म्हणून दोहोंपैकी एक पुरवठा निद्रिस्त ठेवतात. तो जागा होतो की नाही हे आधी पाहावे. मोठ्या पेट्यांतून, जेथे एकाच सांगाड्यात अनेक सर्व्हर व त्यांना मिळून चार किंवा सहा पुरवठे असतात, तेथे प्रश्न आणखी बारीक होतो: चारांपैकी एक गेला तरी चालेल अशी ती पेटी लावली आहे, की दोन गेले तरी चालतील अशी? पहिली असेल तर ए बाजू काढताच एकदम दोन पुरवठे जातील आणि पेटी कोसळेल. सर्व्हरच्या आतला देखरेखीचा भाग या साऱ्याची उत्तरे देतो, विचारणारा पाहिजे.

आणि मग ती एकच वायर असणारी यंत्रे. जुना एखादा स्विच, टेलिफोन कंपनीने आणून ठेवलेला मोडेम, पडदा-कळफलकाची पेटी, कधी कोणाच्या तरी सोयीसाठी आलेला आणि मग विसरला गेलेला लहानसा फायरवॉल. दिसावयास क्षुल्लक, परंतु सबंध शाखेचा संपर्क एखाद्या वेळी त्याच्यावरच अवलंबून असतो. अशांसाठी रॅकमध्ये ट्रान्सफर स्विच बसविण्याची युक्ती आहे. त्याला ए व बी दोन्ही बाजूंची वीज येते आणि एक गेली की तो दुसरीकडे उडी घेतो. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलीसेकंदांचे असते, आणि संगणकाच्या पुरवठ्याने साधारण तेवढा काळ विजेविना तग धरावी असा उद्योगात सर्वमान्य झालेला दंडक आहे. स्विचची उडी त्याच्या आत बसली तर यंत्रास काही जाणवत नाही. ट्रान्सफर स्विच नसेल तर मात्र त्या यंत्राच्या धन्याकडून ते बंद ठेवण्याची लेखी मुभा घेणे हाच मार्ग, आणि तो धनी शोधून काढणे हेच कधी कधी सर्वांत दमविणारे काम ठरते.

एवढे झाल्यावर दफ्तर सुरू होते. कामाची प्रत्येक पायरी, ती कोणी करावयाची, कोणी पाहावयाची, तिचा अपेक्षित परिणाम काय, आणि परिणाम निराळा दिसल्यास कोठपर्यंत मागे यावयाचे, हे सारे ज्या कागदावर उतरते त्यास तेथे एमओपी म्हणतात; तो वरिष्ठांच्या मंजुरीस जातो, गिऱ्हाइकास आगाऊ इत्तला दिली जाते, आणि रहदारी कमी असेल अशी रात्रीची वेळ मुक्रर होते. नवख्यांना हा कागदी पसारा वाटतो. परंतु महावितरणचा लाइनमन ज्याला ‘परमिट’ म्हणतो, ते घेतल्याशिवाय खांबावर चढत नाही, आणि ज्याच्या नावे परमिट आहे त्याने ते परत केल्याशिवाय उपकेंद्रातील माणूस लाइन चालू करीत नाही. ही शिस्त अपघातांतूनच आलेली असून १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षाविनियमांपर्यंत विजेचे काम प्राधिकृत माणसानेच आणि पुरेशी खबरदारी घेऊनच करावे हे तत्त्व चालत आले आहे. वातानुकूलित दालनातील रॅक आणि पावसातला खांब यांत विजेच्या दृष्टीने काही भेद नाही. निगराणी कक्षास आधी कळविणे हेही याच दफ्तराचा भाग, कारण ए बाजू जाताच तेथे पन्नास इशारे एकदम वाजणार असतात, आणि त्या गलबल्यात एखादा खरा, बी बाजूकडून आलेला इशारा बुडून जाण्याचा धोका असतो. त्या तासापुरता एक माणूस केवळ बीकडे डोळे लावून बसलेला असावा.

प्रत्यक्ष काम सुरू होताना एक निवड करावी लागते, आणि तीबद्दल जाणकारांतही दुमत आढळते: ए बाजूचा ब्रेकर एकदम पाडावा, की एकेका यंत्राची वायर एकेक करून काढावी? पहिल्या रीतीने वेळ वाचतो आणि भार असताना प्लग ओढल्याने होणारी ठिणगी टळते. तरी मला दुसरी रीत निःसंशय श्रेष्ठ वाटते. तपासणी कितीही कसून केली असली तरी एखादा मेलेला पुरवठा, एखादी उलटी लावलेली वायर नजरेतून सुटलेली असू शकते, आणि ब्रेकर पाडून ते कळले तर जितक्या यंत्रांत दोष असेल तितकी सारी एकाच क्षणी जातात. एकेक वायर काढताना कळले तर एकच यंत्र जाते, आणि तेथल्या तेथे थांबता येते. सर्व्हरच्या वायरीतील प्लग या कामासाठीच घडविलेले असतात, त्यांतून वाहणारा प्रवाह एक-दोन अँपिअरचा असतो, आणि ठिणगीची भीती त्या मानाने किरकोळ आहे. या वेळी दोघे असावेत. एकाच्या हाती कागद, दुसऱ्याचा हात वायरीवर.

“भाऊ, आउटलेट सात, काढू का?”

“थांब. बीचा दिवा हिरवा आहे का बघ.”

“हिरवा आहे.”

“सात. काढ.”

बोललेला आकडा दुसऱ्याने पुन्हा उच्चारल्याशिवाय हात हलावयाचा नाही, आणि काढल्यावर त्या यंत्राचा दुसरा पुरवठा स्थिर राहिला याची खात्री झाल्याशिवाय पुढच्या आउटलेटकडे वळावयाचे नाही. हे संथ चालते. पाहणाऱ्यास कंटाळा येतो. चाललेले काम इतके नीरस दिसावे हीच त्याची लायकी समजावी.

सर्व वायरी निघून पडद्यावर शून्य अँपिअर दिसू लागले, की मग डोक्यावरच्या बसबारवरील पेटीतला किंवा भिंतीच्या पॅनेलमधला त्या पीडीयूचा ब्रेकर पाडतात, त्यावर कुलूप घालतात, आणि कोण काम करीत आहे, केव्हापासून, हे लिहिलेली चिठ्ठी लटकवितात. किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात राहते, दुसऱ्या कोणाच्याही नाही. अमेरिकेत कारखान्यांतील दुरुस्तीसाठी १९८९ साली कुलूप व चिठ्ठी यांचा कायदेशीर नियमच झाला. आपल्याकडील मोठ्या कारखान्यांतूनही ही चाल आता रूढ आहे. यानंतर परीक्षा. ब्रेकर पाडला म्हणजे वीज गेली असे मानणे ही विजेच्या धंद्यातील सर्वांत जीवघेणी समजूत होय; पाडलेला ब्रेकर शेजारच्या रॅकचा असू शकतो. म्हणून मीटर हाती घेऊन तो प्रथम जेथे वीज निश्चित आहे अशा ठिकाणी लावून पाहावा, नंतर या पीडीयूवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्यांत लावावा, आणि शेवटी पुन्हा चालू ठिकाणी लावून पाहावा. तिसरी पायरी बहुतेकजण वगळतात. मीटरचा फ्यूज मधल्या परीक्षेच्या वेळीच उडाला असेल तर ‘शून्य व्होल्ट’ हे उत्तर पीडीयूचे नसून मेलेल्या मीटरचे असते, आणि ते कळावयाचा तिसऱ्या पायरीखेरीज दुसरा उपाय नाही.

अर्थिंगची गोष्ट सामान्य वाचकास अपरिचित, आणि म्हणून थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. संगणकाच्या प्रत्येक पुरवठ्यात विजेवरील गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर बसविलेले असतात व ते फेज आणि अर्थ यांच्या दरम्यान जोडलेले असल्यामुळे प्रत्येक यंत्रातून काही मिलीअँपिअर प्रवाह सतत अर्थच्या वायरीत पाझरत असतो. एका यंत्राचा पाझर निरुपद्रवी. परंतु मानकांनी मुभा दिलेली साडेतीन मिलीअँपिअरची कमाल मर्यादा धरली तर वीस यंत्रांचा मिळून ७० मिलीअँपिअर होतो, आणि माणसाचा जीव वाचविण्यासाठी घरातील आरसीसीबी ३० मिलीअँपिअरवर तुटेल असा ठेवलेला असतो हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगतो. अर्थची वायर शाबूत आहे तोवर हा सारा पाझर निमूटपणे जमिनीत जातो. ती तुटली, आणि यंत्रांस अर्थचा दुसरा मार्गही उरला नाही, तर त्यांचे धातूचे अंग अधांतरी होऊन त्यावर निम्म्या व्होल्टेजइतका दाब येतो व पाझर हात लावणाऱ्या माणसातून वाट काढतो. म्हणूनच त्या निळ्या औद्योगिक प्लगमध्ये अर्थची पिन इतरांहून लांब व जाड असते, जेणेकरून ती लावताना सर्वांआधी भिडावी आणि काढताना सर्वांनंतर सुटावी. माणसानेही हाच क्रम पाळावयाचा: यंत्रांच्या वायरी आधी, पीडीयूचा मोठा प्लग नंतर, आणि पीडीयूपासून रॅकच्या सांगाड्यास गेलेली हिरवी-पिवळी अर्थवायर सर्वांत शेवटी, बसविताना याच्या नेमके उलट.

उतरविणे आणि चढविणे यांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. पट्टी लांब, वजनदार आणि हाताळण्यास अडनिडी असते, म्हणून दोघांनी धरावी. अंगठी, घड्याळ, कडे उतरवून ठेवावे. आणि खालच्या चालू यंत्रांवर आच्छादन घालावे, कारण वरून निसटलेला एक स्क्रू सर्व्हरच्या मागील जाळीतून आत गेला तर आतापर्यंतची सारी खबरदारी मातीमोल होते. चढविण्यापूर्वी मात्र नव्या पीडीयूची जुन्याशी ताडून पाहणी करावी. व्होल्टेज तेच आहे ना, वायर वरून येणारी आहे की खालून, लहान व मोठ्या आउटलेटांची संख्या पुरते काय, आणि रॅकच्या मागील उष्णतेत चालण्याची त्याची पात्रता किती. मध्यरात्री, जुना उतरविल्यानंतर, नव्याची वायर चार बोटे तोकडी असल्याचा शोध लागावा यासारखी नामुष्की नाही.

सारे काढताना बिघडते असा समज आहे. पुष्कळदा बिघडते ते पुन्हा जोडताना. २७ मे २०१७ रोजी हीथ्रो विमानतळानजीकच्या डेटा सेंटरमधील वीज जाऊन ब्रिटिश एअरवेजची संगणकव्यवस्था कोसळली आणि सुट्टीच्या त्या शनिवार-रविवारी सुमारे ७५,००० प्रवासी खोळंबले. पुढे मूळ कंपनीचे प्रमुख विली वॉल्श यांनी जाहीरपणे सांगितले, की एका तंत्रज्ञाने पुरवठा तोडला हे खरे, पण मोठी हानी झाली ती तो बेबंदपणे पुन्हा जोडल्यामुळे. रॅकपुरता विचार केला तरी कारण समजण्यासारखे आहे. पुरवठ्याच्या पोटातील मोठे कपॅसिटर रिकामे असता वीज जोडताच ते पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढून घेतात. वीस यंत्रे एकदम जोडली तर हे वीस घोट एकत्र होऊन ब्रेकर पाडतात. म्हणून नवा पीडीयू प्रथम मोकळाच चालू करावा, त्यावरचे व्होल्टेज मोजावे, आउटलेटांचे अर्थिंग तपासावे, आणि मग जसे काढले तसेच एकेक यंत्र जोडीत जावे, प्रत्येक वेळी त्याचा दिवा हिरवा होईपर्यंत थांबून. वर्षानुवर्षे अखंड तापलेला एखादा पुरवठा एकदा थंड झाल्यावर पुन्हा उठतच नाही, असा अनुभव जुन्या यंत्रांच्या बाबतीत येतो. त्यासाठी त्या जातीचा एक सुटा पुरवठा आधीच मागवून ठेवणे ही सुज्ञ चालकांची तजवीज असते.

ज्या ठिकाणी रॅकमध्ये तिसऱ्या पट्टीस जागा आहे आणि बसबारवर एक मोकळी जोडणी आहे, तेथे याहून देखणा मार्ग उपलब्ध असतो. नवा पीडीयू जुन्याच्या शेजारी बसवून चालू करावयाचा, आणि एकेक वायर जुन्यातून काढून लगेच नव्यात लावावयाची, म्हणजे कोणत्याही यंत्राची दुसरी वाट मिनिटभराहून अधिक बंद राहत नाही. सर्व स्थलांतर झाल्यावर रिकामा जुना पीडीयू निवांतपणे बंद करून उतरवावा. ज्यांना रॅक नव्याने मांडावयाचे आहेत त्यांनी ही जागा सुरुवातीसच राखून ठेवली तर पुढच्या पिढीतील तंत्रज्ञ त्यांना दुवा देतील.

काम आटोपल्यावर ए व बी यांचे आकडे पुन्हा जवळजवळ समान झाले पाहिजेत. ए लक्षणीय कमी दाखवीत असेल तर एखादी वायर बाहेर राहिली आहे किंवा अर्धवट बसली आहे. काही तासांनी अवरक्त कॅमेऱ्याने नव्या जोडांचे तापमान पाहतात, कारण सैल जोड पहिल्या मिनिटास थंडच असतो. पीडीयूतील संगणकाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच रात्री बदलावा; तो सर्वांना ठाऊक असतो, आणि ज्या पट्टीच्या आउटलेटांवर दुरून बंद-चालूचा हुकूम चालतो तिचे दार उघडे ठेवणे म्हणजे रॅकची किल्ली रस्त्यावर टाकणे. कुलूप व चिठ्ठी निघते, परमिट परत होते, नकाशावरील जुने आकडे खोडून प्रत्यक्ष आढळलेले लिहिले जातात, आणि माग काढताना सापडलेल्या चुकीच्या वायरींची यादी त्या-त्या यंत्राच्या धन्याकडे रवाना होते.

राहता राहिला उतरविलेला पीडीयू. तो तत्काळ भंगारात जात नाही. जळालेले आउटलेट उघडून पाहिल्याशिवाय प्लग सैल होता, भार अधिक होता की मूळ घडणच सदोष होती याचा उलगडा होत नाही. आणि घडणीचा दोष असेल तर त्याच खेपेचे आणखी कित्येक पीडीयू शेजारच्या रॅकमध्ये टांगलेले असतात, त्यांची पाहणी लागलीच करावी लागते. त्याच्या स्मृतीत साठलेले जाळ्याचे पत्ते व पासवर्ड पुसावयाचे, तसे केल्याची नोंद मालमत्तेच्या वहीत करावयाची, आणि मग ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांन्वये नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण कारखान्याच्या हवाली करून त्याची पावती घ्यावयाची.